हुकमात माकुणसार नाही

८ ऑगस्ट १९८८

चौकीत जाऊन आले. काही उपयोग नाही!

हवालदारानं चहाचा कप खाली ठेवला आणि पहिलाच प्रश्न — हात लावला का? म्हटलं, नाही. मग शिव्या? नाही. धमकी? नाही. "मग गुन्हा काय, बाई?" म्हटलं, तो येतो. रोज येतो. कंपनीच्या गेटसमोर उभा राहतो, स्टॉपवर शेजारी येऊन बसतो, सरावलीला खोलीपर्यंत दहा पावलं मागे चालत येतो. घरमालकीण ठकीबाईंना सांगून ठेवलंय की आमचं लग्न ठरलंय. परवा त्यांच्याकडे माझ्यासाठी साडी ठेवून गेला. हिरवी! हवालदार हसला. म्हणाला, साडी देणाऱ्यावर कुठलं कलम लावू?

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच वाटायचं की मी वाढवून सांगते आहे. वामन आमच्याच माकुणसारचा. चैत्रात त्याच्या घरून मला मागणी आली होती. मी नको म्हटलं. आई रडली, बळवंतदादा म्हणाला तुझी मर्जी, आणि विषय संपला. निदान मला तसं वाटलं. मे महिन्यात तो पहिल्यांदा गेटवर दिसला तेव्हा वाटलं, काहीतरी कामानं बोईसरला आला असेल. आता ऑगस्ट उजाडला. वॉचमन मला हाक मारून सांगतो, "मॅडम, आपका आदमी आया है।" माझा आदमी!

हवालदारानं शेवटी अर्ज लिहून घेतला. म्हणाला चॅप्टर केस करतो, कचेरीत बोलावतील. म्हणजे काय, देव जाणे.

९ ऑगस्ट

घरी पत्र टाकलं. दर सोमवारी टाकते, या वेळी चौकीपायी एक दिवस उशीर. सगळं लिहिलं — चौकी, साडी, पुढच्या आठवड्याची पाळी, कुठल्या बसनं येते-जाते. आईला वाचता येत नाही, दादा वाचून दाखवतो. पाळीची वेळ लिहिली नाही तर ती काळजी करते.

१३ ऑगस्ट

दादा आला! पत्र मिळालं तसा सकाळची शटल गाडी धरून आला. केळीचा घड, वाडीतली विड्याची पानं, आईनं दिलेलं सुकट. खोलीत जेमतेम दोन खाटांची जागा, तो दारातच बसला. म्हणाला, "तू एकटी नाय. कचेरीत, कोर्टात, जाशील तितं मी हाय." बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून दादाचा आवाज बाबांसारखाच वाटायला लागलाय. मी रडले. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

सुलूनं भाकऱ्या थापल्या. सुलू म्हणजे माझी खोलीतली जोडीदारीण — डहाणूची, आमच्याच कंपनीत पॅकिंगला. मी लॅबमध्ये. तिची बोटं खोक्यांनी सोललेली आणि माझी पिवळ्या रंगानं कायमची पिवळी. दादाला आमच्या हातांकडे बघून हसू आलं.

२३ ऑगस्ट

चॅप्टर केस म्हणजे काय ते आज कळलं. नायब तहसीलदारांसमोर वामन डाव्या बाजूला, मी उजव्या. पोलिसांनी अहवाल दिलाय की दोन पक्षांत वाद आहे, शांतता भंग होण्याचा संभव आहे. दोन पक्ष! तो माझ्या मागे येतो आणि आम्ही दोन पक्ष!

मी म्हटलं, साहेब, मी काय केलं? साहेबांनी वर न बघता सांगितलं, असंच असतं, दोघांकडून लिहून घेतात, म्हणजे भांडण मिटतं. मग मी लिहून दिलं. हंसा नरहरी किणी, वय २६, धंदा नोकरी, ही सहा महिने शांतता राखील आणि चांगली वागेल. त्याला जामीनदार लागतो. दादानं सही केली. माझ्या चांगल्या वागणुकीचा जामीन माझा भाऊ.

वामननंही सही केली. बाहेर पडताना मला म्हणाला, "तुज्या नावाशेजारी माजं नाव आलं कागदावर." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते ऐकलं होतं. इथे दोघांना एकाच दोरीनं बांधतात.

२९ ऑगस्ट

आज पुन्हा स्टॉपवर. शांतता राखून उभा होता.

२ सप्टेंबर

राऊत वकिलांकडे गेले होते, पालघरला. दादा बरोबर. वकील साठीचे, शांत, ऐकताना डोळे मिटतात. मला वाटलं झोपले. सगळं ऐकून म्हणाले, दिवाणी दावा लावू. त्यानं तुमच्या वाटेला जाऊ नये असा मनाई हुकूम मागू. मग म्हणाले, "हंसाबाई, तुमच्या वाडीत कुणी शिरत असता तर सातबारा जोडला असता आणि दोन दिवसांत हुकूम आणला असता. आता तुमच्या स्वतःचा सातबारा कुठून आणू?"

हसावं की रडावं कळेना. पण माणूस खरा बोलला. त्यांच्याकडे दाव्याचा नमुना आहे, त्यात 'मिळकतीचे वर्णन' असा रकाना. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. वकील म्हणाले, कोर्टाला हद्द लागते. मोघम हुकूम कुणी देत नाही. कुठेकुठे येऊ नये ते सांगा.

मी सांगत गेले, त्यांच्या कारकुनानं — गोमा त्याचं नाव — लिहून घेतलं. एक, सरावलीतली राहती खोली. दोन, खोलीपासून स्टॉपपर्यंतचा रस्ता. तीन, बसचा स्टॉप. चार, कंपनीचं गेट. झाल्या माझ्या चतुःसीमा! वकिलांनी विचारलं, आणि माहेर? माकुणसारचं घर घालायचं?

मी दादाकडे पाहिलं. म्हटलं, तिथे नको, तिथे दादा आहे. तिथल्या ओटीवर पाय ठेवायची त्याची छाती नाही.

दादा खिडकीतून बाहेर बघत होता. मला वाटलं त्याचं मन भरून आलं.

५ सप्टेंबर

दावा दाखल. कोर्टात प्रतिज्ञापत्रावर सही करताना शिरस्तेदारानं माझी बोटं बघितली. हळद लागली वाटतं, म्हणाला. म्हटलं, नाही, रंगाची कंपनी आहे. तो ओशाळला.

वकिलांनी आजच्या आज हुकूम मागितला, समोरच्याला न बोलावता. न्यायाधीश तरुण आहेत. कागद नीट वाचले, प्रत्येक पान. मग म्हणाले, वादीला हात लावलेला नाही, धमकी नाही, समोरच्याचं ऐकल्याशिवाय हुकूम देता येणार नाही. नोटीस काढा. तारीख एकवीस.

राग आला. पण वकील म्हणाले, हे वाईट नाही, एकतर्फी मिळालेला हुकूम लगेच उठतो. ऐकून दिलेला टिकतो. सोळा दिवस कसे काढायचे ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. त्यांना काय, ते पालघरात असतात.

१४ सप्टेंबर

सोमवारच्या पत्रात घरी कळवलं होतं तसं आजपासून पहिल्या पाळीवरून जनरलला बदलून घेतलं. म्हणजे सातऐवजी साडेआठला जायचं. त्याला कळायला चार दिवस तरी लागतील.

१५ सप्टेंबर

साडेआठला हजर!

२१ सप्टेंबर

नोटीस बजावलीच गेली नाही. बेलिफ माकुणसारला गेला होता, गावात घर कुठलं ते दादानं स्वतः बरोबर जाऊन दाखवलं, आणि घराला कुलूप. शेरा — 'घर बंद'. कोर्टानं परत नोटीस काढली. तारीख पाच ऑक्टोबर.

दादा हळहळला. म्हणाला, त्याला कोनीतरी सांगितलं असेल.

मीही हेच म्हणते. कोणीतरी सांगतं!

२६ सप्टेंबर

कंपनीला मागचं गेट आहे, टँकर येतात तिथून. मोठ्या साहेबांना विनंती करून मागच्या शुक्रवारपासून मी तिथून जाते-येते. हे फक्त साहेबांना, वॉचमनला आणि सुलूला माहीत. शुक्रवार, शनिवार, दोन दिवस सुखाचे गेले. रविवारी दादा येऊन गेला, त्याला म्हटलं बघ, सुटले.

आज वामन मागच्या गेटवर. हातात छत्री, जसा काही मलाच न्यायला आलाय.

वॉचमनला मी बहीण मानते — चुकलं, भाऊ मानते. डोकं ठिकाणावर नाही. साहेब कशाला सांगतील? राहिली सुलू. तिचा मावसभाऊ सफाळ्याला असतो, म्हणजे आमच्या माकुणसारच्याच स्टेशनाला. दर रविवारी ती तिकडे जाते.

२७ सप्टेंबर

सुलूला विचारलं. तोंडावर विचारलं. ती आधी हसली, मग तिला कळलं मी खरंच विचारते आहे. म्हणाली, "मी तुझ्यासाठी साक्ष द्यायला तयार आहे आणि तू मला विचारतेस?" मी म्हटलं, साक्ष द्यायला तयार आहेस तेच तर, घरात राहून सगळं कळतं ना तुला. आणखी पुष्कळ बोलले. ते लिहीत नाही.

ती ट्रंक घेऊन गेली. बोईसरला चुलतबहिणीकडे. तिची खाट रिकामी आहे, मी तिच्यावर पुस्तकं ठेवली.

वकिलांना सांगितलं, एक साक्षीदार कमी झाला.

३ ऑक्टोबर

घरी पत्र. सुलूचं लिहिलं. दादाचं उत्तर येईल म्हणून वाट बघायला नको, पाच तारखेला भेटतोच आहे.

५ ऑक्टोबर

समोरून वकील उभा राहिला आणि लेखी म्हणणं दिलं. कोर्टात त्याला 'से' म्हणतात. आमच्या वकिलांनी मला व्हरांड्यात वाचून दाखवला.

वामन म्हणतो, चैत्र शुद्ध दशमीला माकुणसारला वादीच्या राहत्या घरी पाच माणसांसमक्ष सुपारी फुटली. लग्न ठरलं. वादी नोकरीमुळे लाजते आहे! होणाऱ्या बायकोची विचारपूस करणं म्हणजे त्रास नव्हे. आणि शेवटी — वादीनं हातांना हळदही लावून घेतली आहे!

माझ्या हातांकडे बघत राहिले. खोटं इतकं सरळ लिहिता येतं?

दादा म्हणाला, "खोटारडा हाय तो." पण हळू म्हणाला.

आत न्यायाधीशांनी विचारलं, वादीचे भाऊ आलेत का? दादा पुढे झाला. ते म्हणाले, शपथेवर नाही, असंच विचारतो, सुपारी फुटली होती का? दादानं दोन्ही हात मागे बांधले. म्हणाला, "साहेब, बोलणी झाली होती. पुडं काय झालं नाय." न्यायाधीशांनी परत विचारलं, हो की नाही? दादा म्हणाला, "पोरीनं नको म्हटलं."

खरं तर 'नाही' एवढा एकच शब्द पुरला असता. दादा कोर्टात बावचळतो. शेताबांधाचा माणूस, त्याला कुठून येणार वकिली उत्तरं?

१४ ऑक्टोबर

मिळाला! मिळाला!

न्यायाधीशांनी मराठीतूनच वाचून दाखवला. सुपारी फुटली असो वा नसो, त्यानं कुणालाही एखाद्या स्त्रीच्या वाटेत उभं राहायचा हक्क मिळत नाही. तिनं नकार दिला आहे आणि तो तिनं या कोर्टातही दिला आहे. मी हे शब्द तिथल्या तिथे पाठ केले. प्रतिवादीनं वादीची खोली, रस्ता, स्टॉप, गेट या चार ठिकाणी येऊ नये, तिचा पाठलाग करू नये, दाव्याचा निकाल लागेपर्यंत. मोडला तर दिवाणी तुरुंग.

वामननं खाली मान घालून ऐकलं. हुकमाची नक्कल आमच्याआधी त्यानंच मागितली. गोमानं मला हळूच सांगितलं, हा माणूस वाचणारा आहे.

दादानं पेढे घेतले. मी सुलूला द्यायचे म्हणून दोन बाजूला काढले, मग तोंडात टाकले.

२२ ऑक्टोबर

आठ दिवस झाले. गेटवर नाही. स्टॉपवर नाही. वॉचमन म्हणतो, "मॅडम, वो तो गायब।" काल खोलीवर येताना दोनदा मागे वळून बघितलं. मागे फक्त एक बाई, डोक्यावर गवताचा भारा. आज एकदाच वळले. पोटभर जेवले.

३१ ऑक्टोबर

घरी पत्र — भाऊबीजेला येते.

११ नोव्हेंबर

हे लिहायला बसले आहे सफाळे स्टेशनच्या बाकावर. माकुणसारहून निघाले. शटल यायला अवकाश आहे.

सकाळी सगळं छान होतं. दादा स्टेशनवर न्यायला आला. आईनं करंज्या केल्या होत्या. दादाला ओवाळलं. त्यानं ताटात साडी घातली, निळी. मी म्हटलं, एवढी भारी कशाला, तो म्हणाला, बहीण एकच हाय.

मग साधारण अकराला अंगणातून कुणी आलं. आमच्या ओटीची आडवी तुळई खाली आहे. नवा माणूस हमखास डोकं आपटतो. हा आला तो न बघता वाकला आणि आत शिरला. वामन. झोपाळ्यावर बसला. आईनं विचारलंही नाही, पाण्याचा तांब्या पुढे केला.

मी आतून हुकमाची नक्कल आणली. पर्समध्येच असते, देवाच्या अंगाऱ्यासारखी घेऊन हिंडते. त्याच्यासमोर धरली. त्यानं ती घेतलीसुद्धा नाही. अगदी सभ्यपणे म्हणाला, "मी वाचलाय. यात माकुणसार कुटं हाय?"

मी दादाकडे पाहिलं. दादा करंजी खात होता. खात राहिला.

स्वयंपाकघरात आईला धरलं. म्हटलं, हा इथे कसा? आईला आश्चर्य माझंच वाटलं. ती म्हणाली, "कसा म्हंजे? नेहमी येतो ना. तुजा कागद आला का बळवंत ओटीवर वाचतो, आमी सगळी बसून ऐकतो. वामन पण येतो ऐकायला. तुजी पाळी, तुजी बस, सगळं त्याला पाट हाय. माज्यापेक्षा जास्त."

मी चुलीशी खाली बसले. आई आपली सांगतच होती. मागच्या गेटाचं तर दादानं आल्या आल्याच सगळ्यांना सांगितलं, म्हणे, पोरगी हुशार हाय. आईच्या डोळ्यात पाणी आलं होतं, कौतुकाचं. तिला वाटतं मी लाजते आहे. तिला खरंच तसं वाटतं! कोर्टबिर्ट दादानं तिला काय सांगितलंय कोण जाणे. पत्रातला तो भाग तो वाचतच नसणार.

आमच्याकडे पत्र आलं की ओटीवर बसून मोठ्यानं वाचायची रीत आहे. बाबा असल्यापासून. शेजारपाजारचे येऊन बसतात, कुणी सुपारी कातरतं, कुणी मध्येच विचारतं, काय लिहिलंय परत वाच. मला हे माहीत होतं. मी त्याच ओटीवर लहानाची मोठी झाले. आणि दर सोमवारी माझ्या हातानं लिहून पाठवत राहिले, मी किती वाजता कुठे असते!

निघताना दादा अंगणापर्यंत आला. म्हणाला, तो येऊन बसतो, त्याला मी काय ऊठ म्हनू? आपल्या पानवेलीला त्याच्या विहिरीचं पाणी हाय, दिवसाआड लागतं, तुला म्हाईत हाय. मी विचारलं, सुपारी फुटली होती का? म्हणाला, "बोलणी झाली होती." तेच. कोर्टातलंच उत्तर.

निळी साडी परत आणली नाही.

१४ नोव्हेंबर

कामावर तीन नमुने चुकले. साहेब ओरडले. ठीक आहे.

दुपारच्या सुट्टीत पॅकिंगला गेले. सुलू खोकी बांधत होती. मी उभी राहिले, ती बांधत राहिली. मी सगळं सांगितलं, मध्ये एकदाही थांबले नाही. शेवटी म्हटलं, मी तुझ्यावर जे टाकलं ते परत घेते. सुलू सुतळीची गाठ मारून झाल्यावर बोलली. "लगेच माफ नाय करत मी. पण साक्षीचा कागद कुठाय ते सांग, सही करते."

खोलीवर परत येणार नाही म्हणाली. बरोबर आहे. मी तिच्या जागी असते तर सहीही केली नसती.

१८ नोव्हेंबर

वकिलांकडे. या वेळी एकटी. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मिटलेलेच ठेवले. मग म्हणाले, घरी तो आला तो हुकूमभंग नाही. घर हद्दीत नाही, आणि तो भावाकडे पाहुणा म्हणून आला. त्यांनी 'माहेर घालायचं का' विचारलं होतं ते मात्र काढलं नाही. काढायला हवं होतं, निदान मी भांडले असते.

म्हणाले, पण पाठलाग करू नये हा जो शब्द आहे, त्याला हद्द नाही. तो कुठेही मागे आला तर हुकूम मोडला. दोन साक्षीदार हवेत. तुम्ही म्हणता त्याला सध्या तुमची वाट कळते ती पत्रांतून. मग भाऊ त्यात किती, हे तुम्हाला ठरवावं लागेल, बाई. तो गाफील आहे की सामील, ते कोर्ट कसं सांगणार?

मी म्हटलं, दादा गाफील आहे. तो भोळा आहे. ओटीवर कुणी बसलं तर त्याला उठवता येत नाही, एवढंच.

वकिलांनी डोळे उघडले.

२० नोव्हेंबर

कुंपणानं शेत खाल्लं असं म्हणायला जीभ धजत नाही. बाबांच्या तेराव्याला त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. मला शिकवायला त्यानं स्वतःची शाळा सोडली. हा माणूस मला विकेल? दिवसाआडच्या पाण्यासाठी? दिलेल्या शब्दासाठी?

पण मग बेलिफाला घर दाखवायला गेला तेव्हा कुलूप कसं होतं?

नाही. भोळाच आहे.

२५ नोव्हेंबर

आज पत्र टाकलं. या वेळी आंतर्देशीय नाही, पाकीट. डिंकानं चिकटवून, वर दादाचं नाव, कोपऱ्यात 'खाजगी'. आतला मजकूर इथे उतरवून ठेवते.

'दादा, हे ओटीवर वाचू नकोस. आईलाही सांगू नकोस. वाचून चुलीत घाल. मी बोईसर सोडते आहे. वैतरण्याच्या शाळेत जागा आहे. शुक्रवारी दोन तारखेला सकाळी अकरा वाजता स्टेशनवर शाळेचा माणूस न्यायला येणार. तिथे मला कुणी ओळखत नाही. हे जगात फक्त तुला सांगते आहे.'

शाळा नाही. माणूस नाही. वैतरण्याला मी आजवर उतरलेसुद्धा नाही. कुणी आलं नाही तर दादा सुटला. सोमवारी जाऊन त्याच्या पाया पडेन आणि ती निळी साडी नेसेन.

२९ नोव्हेंबर

दादाचं कार्ड. एकच ओळ — 'तुझ्या मनासारखं होईल. काळजी नको.'

किती बरं वाटलं!

२ डिसेंबर, शुक्रवार

वैतरणा. स्टेशन म्हणजे एक फलाट आणि पलीकडे खाडीचं पाणी. साडेदहापासून बाकावर. थोड्या अंतरावर सुलू, पाठ करून बसलेली. चहाच्या टपरीशी गोमा, हातात वर्तमानपत्र.

सात महिने मी देवाला एकच मागत आले, तो येऊ नये. आजही तेच मागितलं, आणि आज वामनसाठी नाही, दादासाठी. वामन, नको येऊस. एक दिवस घरी बस. ताप येऊ दे तुला. शटल चुकू दे.

अकराची शटल दहा मिनिटं उशिरा आली. चार माणसं उतरली. तिघं बाहेर निघून गेली.

चौथ्यानं छत्री काखेत धरली आणि फलाटावर मला शोधायला लागला. गोमानं वहीत वेळ लिहिली.

५ डिसेंबर

वकिलांकडे. हुकूमभंगाचा अर्ज, सुलूचं आणि गोमाचं प्रतिज्ञापत्र, सगळं तयार. हद्दीत पाचवी जागा वाढवली — माकुणसारचं राहतं घर. मग दाव्यात दुरुस्ती. गोमा टाइपरायटरवर कागद चढवून थांबला. प्रतिवादी क्रमांक दोन, पूर्ण नाव काय लिहू, म्हणाला.

मी सांगितलं. मधलं नाव आणि आडनाव माझंच.